शून्यावर बाद झाली तर कुणाचीच हरकत नव्हती

२ मे २०२५ ला शुक्रवार होता. इंग्लंड आणि वेल्स क्रिकेट बोर्डाने, म्हणजे ईसीबीने, त्या दिवशी जाहीर केलं की यापुढे महिलांच्या आणि मुलींच्या सामन्यांत फक्त जैविकदृष्ट्या स्त्री असलेल्यांनाच खेळता येईल. ट्रान्स महिला आणि मुलींसाठी ओपन आणि मिक्स्ड क्रिकेट खुलं राहील. नियम तत्काळ लागू, अगदी गावच्या क्लबापर्यंत. आमचा लीगचा सामना रविवारी होता, संघ ठरलेला होता आणि आमची विकेटकीपर ट्रान्स महिला होती.

मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका छोट्या क्लबात महिला विभागाची सेक्रेटरी आहे. नाव मोठं, काम किरकोळ. रविवारी कोण कोण येतंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचं, प्ले-क्रिकेटच्या साइटवर संघ भरायचा, चेंडू मागवायचे, आणि आठवीला ऐनवेळी ताप आला की स्वतः पॅड बांधून उभं राहायचं. आमची लीग आठ-आठ जणींची आहे, त्यामुळे ही वेळ वरचेवर येते. मूळची मी इचलकरंजीची. तिथे माझा क्रिकेटशी संबंध एवढाच, की भावांनी गटारात मारलेला चेंडू काढून द्यायचा. बॅट हातात आली ती इथे आल्यावर, तिशी उलटल्यावर. पोटापाण्यासाठी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. त्याचा या गोष्टीशी पुढे संबंध येईल.

आधीचं सांगितल्याशिवाय त्या शुक्रवारचं काही कळणार नाही. कीपर आमच्याकडे २०२३ च्या मोसमात आली. (तिचं नाव मी लिहिणार नाही, कीपर म्हणते.) चाळिशी ओलांडलेली, एक गुडघा कुरकुरणारा, स्टंपमागे तोंडाची टकळी अखंड चालू. पहिल्याच सरावाला तिने स्वतःहून सांगितलं. तेव्हाच्या नियमात हौशी क्रिकेटला काही आडकाठी नव्हती, आमच्या मुलींनी मान हलवली आणि नेटमध्ये कुणाची पाळी यावर वाद घालायला लागल्या. त्या मोसमात ती बहुतेक वेळा दहाच्या आत बाद झाली. तिच्याबद्दल एकही तक्रार आली नाही.

पुढच्या वर्षी तिने एका सामन्यात साठीच्या आसपास धावा केल्या. मंगळवारी लीगकडे ईमेल गेली होती.

हौशी क्रिकेटमध्ये तेव्हा अशी सोय होती, की खेळाडूंच्या ताकदीत किंवा कौशल्यात धोका वाटावा इतकी तफावत असेल, तर लिंग कुठलंही असो, क्लबांनी आणि लीगने मिळून तोडगा काढावा. कागदावर हे किती समंजस वाटतं! प्रत्यक्षात काय झालं, तर समोरच्या क्लबाची सेक्रेटरी, लीगचे एक निवृत्त गृहस्थ आणि मी, असे तिघे रात्री जेवणं उरकून ऑनलाइन बसलो. ती चेंडू किती जोरात मारते? कुणाला लागलं का? उंची किती? गृहस्थ फार अवघडले होते, पण त्यांना अहवालात काहीतरी लिहायचं होतं. मग त्यांनी मला 'थोडं वर्णन' पाठवायला सांगितलं, आणि मी माझ्याच संघातल्या एका बाईच्या खांद्यांबद्दल ईमेल लिहिली. ती लिहिताना मला जे वाटलं, ते माझ्या आयुष्यातल्या कुठल्याच ईमेलने वाटलेलं नाही.

आमच्या संघात एक मुलगी आहे, जी लहानपणी काउंटीच्या वयोगटात खेळली. ती कीपरपेक्षा कितीतरी जोरात मारते. मैदानापलीकडच्या शेतात तिने घालवलेले चेंडू मीच मागवते. तिच्याबद्दल असं वर्णन कुणी मागितलं नाही. तोडगा असा निघाला, की त्या संघाविरुद्ध आमच्या कर्णधाराने कीपरला खाली खेळवावं आणि तिने 'तारतम्याने' फलंदाजी करावी. ती हो म्हणाली. पुढच्या सामन्यात अकरा धावांवर सोपा झेल देऊन परत आली आणि पॅड सोडता सोडता म्हणाली, "मुद्दाम नाही दिला हं." हसावं की नाही हे आम्हाला कळेना.

इतकी वर्षं या विषयावर जे वाद ऐकते, त्यात ही गोष्ट कुणी बोलताना मला दिसत नाही. सगळ्यांना सामावून घेणारा तो जुना नियम खरं तर एवढंच सांगत होता: खेळ, पण चांगलं खेळू नकोस. स्पर्धेत घ्यायचं आणि स्पर्धा करू द्यायची नाही. नवा नियम तिला सरळ बाहेर ठेवतो. दोन्हींत जास्त अपमान कशात आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरी बाजूही मला घरबसल्या कळलेली नाही, ती पार्किंगमध्ये कळली. आमच्यात एक पंधरा वर्षांची मध्यमगती गोलंदाज आहे. तिची आई एका संध्याकाळी गाडीला टेकून माझी वाट पाहत होती. बाई भांडकुदळ नाहीत. कीपरला त्यांनी अनेकदा गाडीतून घरी सोडलेलं. त्या म्हणाल्या, माझी मुलगी चेंडू टाकून पुढे झेपावते तेव्हा बॅटपासून सतरा-अठरा यार्डांवर असते, हेल्मेट नाही, काही नाही. समोरून सरळ फटका आला तर? मी म्हटलं, काउंटीवालीही नेटमध्ये तिला तसेच मारते की. "हो," त्या म्हणाल्या, "पण ती तिथवर मुलगी म्हणूनच पोहोचली ना." आणि मग अगदी खालच्या आवाजात: "आठच जागा आहेत. माझी मुलगी कितीदा नववी असते, तुम्हीच तर यादी लावता."

खरं होतं. यादी मीच लावत होते.

लॅबमध्ये टेस्टोस्टेरॉनचे नमुने रोज माझ्या हाताखालून जातात. बायकांमध्ये प्रमाण साधारण लिटरमागे दोन नॅनोमोलच्या खाली, पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असेल तर थोडं वर. पुरुषांमध्ये आठ ते तीस. मध्ये एवढी मोकळी दरी असलेल्या चाचण्या फार थोड्या. त्यामुळे बरीच वर्षं क्रीडासंघटनांनी याच आकड्यावर रेघ मारली: आधी दहा, मग पाच, मग काही खेळांत अडीच. मला तेव्हाही ते विचित्र वाटायचं, कारण रक्ताचा रिपोर्ट आजचं सांगतो. वयात येताना त्या संप्रेरकाने हाडं किती लांब केली, खांदे किती रुंद केले, हे त्या नळीत नसतं. टेस्टोस्टेरॉन दाबणारे उपचार सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन काही महिन्यांत बायकांच्या पातळीला येतं, पण उंची कुठे जाणार? हिल्टन आणि लुंडबर्ग यांनी २०२१ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा वर्षभर टेस्टोस्टेरॉन दाबूनही स्नायू आणि ताकद पाचेक टक्क्यांनीच घटलेली दिसली. अमेरिकी हवाई दलातल्या नोंदींवरचा एक अभ्यास आहे. त्यात उपचारांआधी ट्रान्स महिला इतर महिलांपेक्षा पुश-अप्स ३१ टक्के जास्त काढत. दोन वर्षांनी तो फरक मिटला, पण दीड मैल धावण्यात त्या तरीही १२ टक्के वेगवान होत्या. म्हणजे काही जातं, काही उरतं. आणि हे अभ्यास बहुतेक खेळाडू नसलेल्यांवरचे आहेत, हेही सांगायला हवं.

क्रिकेटपुरतं बोलायचं तर आपल्या डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे महिला प्रीमियर लीगमध्ये, २०२४ ला मुंबई इंडियन्सच्या शबनिम इस्माईलचा चेंडू ताशी १३२.१ किलोमीटर मोजला गेला, महिला क्रिकेटमधला तेव्हाचा सर्वांत वेगवान. शोएब अख्तरचा २००३ चा १६१.३. फरक २२ टक्के. बायकांचा चेंडूही हलका, १४० ते १५१ ग्रॅम; पुरुषांचा १५६ ते १६३. महिलांचा गट वेगळा ठेवलाय तो याच फरकासाठी. त्यामुळे आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये पुरुषी पौगंडावस्था पार केलेल्यांना आंतरराष्ट्रीय महिला क्रिकेट बंद केलं, तेव्हा मला ते पटलं होतं आणि आजही पटतं. डॅनिएल मॅकगाही ही मूळची ऑस्ट्रेलियाची ट्रान्स फलंदाज, त्याच सप्टेंबरात लॉस एंजेलिसला कॅनडाकडून खेळली होती. दोन-तीन महिन्यांत तिचा रस्ता संपला. वाईट वाटलं, पण तिथे पदकं आहेत, करार आहेत, एका जागेसाठी आयुष्य घातलेल्या मुली आहेत. आमच्या मैदानात सामन्याआधी मेंढ्या हाकलाव्या लागतात.

अण्णांशी फोनवर हा विषय निघाला तो अनाया बांगरमुळे. माजी क्रिकेटपटू संजय बांगर यांची ही मुलगी इंग्लंडमध्ये राहून हार्मोन उपचार घेत होती, इथे क्लब क्रिकेट खेळत होती, आणि नियमांनी आपला खेळ काढून घेतल्याचं तिने २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीरपणे लिहिलं. अण्णा निवृत्त क्रीडाशिक्षक. कबड्डीचे संघ घेऊन जिल्हाभर हिंडलेले. त्यांच्या काळातलं भांडण वयाचं. "आम्ही आधी दाखला बघायचो," ते म्हणाले, "मग दाखल्यावरचा शिक्का बघायचो, आणि मग पोराच्या मिशा बघायचो. तुमच्यात काय बघणार गं?" मग थोडं थांबून, "त्या शांतीचं काय केलं बघ."

शांती सौंदराजन, तमिळनाडूची. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्य जिंकली आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. मी अण्णांना सांगितलं, ती ट्रान्स नव्हती, मुलगी म्हणूनच जन्मली-वाढली. जन्मतः शरीराची जडणघडण वेगळी असणं हा निराळा विषय आहे. द्युती चंदचंही तसंच. २०१४ मध्ये राष्ट्रकुलच्या संघातून वगळल्यावर ती क्रीडा लवादात गेली आणि २०१५ मध्ये परत धावायला लागली. अण्णांनी ऐकून घेतलं. "निराळा असंल," ते म्हणाले, "पण बघणारा माणूस तोच की."

तर तो शुक्रवार. सोळा एप्रिलला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या समानता कायद्यातल्या 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जैविक लिंगाप्रमाणे घ्यायचा असा एकमताने निकाल दिला होता, तेव्हापासून काहीतरी येणार हे दिसतच होतं. फुटबॉलचा आणि नेटबॉलचा निर्णय आदल्याच दिवशी आला होता. संध्याकाळी पॅव्हिलियनमध्ये कमिटी जमली. अध्यक्ष म्हणाले, नियम म्हणजे नियम. आमचे ट्रेझरर पेशाने वकील. त्यांनी समजावलं की निकाल काहीही असता तरी त्या कायद्याच्या कलम १९५ मध्ये खेळांना वेगळी मुभा आहे: जिथे ताकद, दम, शरीरयष्टी यांनी फरक पडतो तिथे न्याय्य स्पर्धेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी गट वेगळा ठेवता येतो. एका मुलीने सुचवलं की आपण सगळ्याच माघार घेऊ. कुणी 'हो' म्हटलं नाही, कुणी 'नाही'ही म्हटलं नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण यादी लावणारी मी.

मी बाहेर जाऊन रोलरपाशी उभं राहून कीपरला फोन केला. तिने वाचलेलं होतं. मी काहीबाही बोलत राहिले, आम्हाला किती वाईट वाटतंय वगैरे. ती म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही सांगितलंत कमी धावा कर, मी केल्या. आता तेवढ्यानेही भागत नाही." आणि फोन ठेवला. रडणं वगैरे काही नाही. चिडलेली होती, आणि चिडायला तिच्याकडे कारण होतं.

रविवारी नववी आठवी झाली. पंधरा वर्षांच्या मुलीने पूर्ण कोटा टाकला, एक त्रिफळाही उडवला. यष्ट्यांमागे आम्ही आळीपाळीने उभ्या राहिलो आणि जवळपास बायच्या धावांवरच हरलो. तिची आई माझ्या शेजारी बसून सामना पाहत होती. आम्ही हवामानाबद्दल बोललो.

यानंतर कागदपत्रांचं काम आलं. नियम एका ओळीचा. नोंदणीच्या फॉर्ममध्ये तो कसा उतरवायचा? कीपरच्या पासपोर्टवर 'स्त्री' आहे. इथे कायदेशीर लिंगमान्यता मिळाली की जन्मदाखलाही नवा मिळतो. म्हणजे अण्णांचा दाखला आणि शिक्का दोन्ही बाद, राहिल्या मिशा. जागतिक अ‍ॅथलेटिक्सने १ सप्टेंबर २०२५ पासून महिला गटासाठी एसआरवाय या, पुरुषी जडणघडण सुरू करणाऱ्या जनुकाची एकदाच करायची चाचणी सक्तीची केली, गालाच्या आतला फाया किंवा रक्त. लॅबच्या दृष्टीने चाचणी सोपी आहे. पण उत्तर आल्यावर पुढे काय, हे सोपं नाही: १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये अशाच चाचणीत ३,३८७ पैकी आठ महिला पॉझिटिव्ह आल्या आणि पुढच्या तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिलं गेलं. मग ती सरसकट चाचणीच सिडनीच्या आधी बंद झाली होती. टोकियोच्या जागतिक स्पर्धेत डॉक्टर, सल्लागार, अपीलाची सोय होती. आमच्याकडे प्रथमोपचाराची पेटी आहे, तीही गेल्या वर्षी मुदत संपलेली.

आम्ही ठरवलं की फॉर्मवर एक स्वघोषणेची ओळ घालायची आणि कुणाकडेही कागद मागायचा नाही. माझा हट्ट होता. कारण तोवर एक प्रकार घडला होता: जूनमध्ये एका पाहुण्या संघाच्या कुणीतरी आमच्या सलामीच्या फलंदाजाकडे बोट दाखवून 'ही चालते ना?' असं अंपायरला विचारलं. सहा फुटी, केस बारीक कापलेले, दोन पोरांची आई. धाकटा सीमारेषेवर चिप्स खात बसलेला. तिने तो विषय हसण्यावारी नेला, पण पुढच्या रविवारी कानात डूल घालून आली. आधी तिला मी कधी डूल घातलेले पाहिले नव्हते.

ओपन क्रिकेट खुलं आहे, असं नियम म्हणतो. शब्दशः खरं आहे. ओपन म्हणजे आमचा शनिवारचा चौथा संघ: चाळीस षटकं, सोळा-सतरा वर्षांची पोरं धावत येऊन टाकतात आणि चेंडू पुरुषांचा. कीपर काही शनिवार गेली. कुणी वाईट वागलं नाही. कपडे बदलायची खोली एकच, म्हणून ती घरूनच पांढऱ्या कपड्यांत यायची आणि तशीच घरी जायची. तिने नंतर मला सांगितलं की तिथे ती खेळाडू म्हणून फारच कच्ची होती, आणि त्यात काही गैर नाही. पण ती क्रिकेट शिकायला गेली नव्हती, रविवारच्या टोळक्यात बसायला आली होती.

मग मला वाटलं, सगळ्यांवर तोडगा सापडला: सॉफ्टबॉलचे सामने मिक्स्ड करू. मऊ चेंडू, धोका नाही, नियमात बसतं. मी उत्साहाने ग्रुपवर टाकलं. रात्री आमच्या दोन खेळाडूंचा, सख्ख्या जावांचा, वेगळा मेसेज आला. त्यांच्या घरचं मूळ पाकव्याप्त काश्मीरमधल्या मिरपूरचं. सासरी त्यांनी मोठ्या मिनतवारीने परवानगी मिळवली होती ती 'फक्त बायका आहेत' या एका वाक्यावर. मिक्स्ड झालं तर दोघीही बंद. कीपर असताना त्या दोन वर्षं तिच्याबरोबर मजेत खेळल्या होत्या, तिच्या हाताखाली एकीने कीपिंगचे धडेही घेतले होते. त्यांची अडचण तिची नव्हतीच, पुरुषांची होती. एकीला आत घेण्यासाठी दोघींना बाहेर काढायचं का? मी मेसेज मागे घेतला.

नोव्हेंबरमध्ये लीगच्या वार्षिक सभेत मधला मार्ग मंजूर झाला: महिलांचा सॉफ्टबॉल जसाच्या तसा, आणि बुधवारी संध्याकाळी वेगळी मिक्स्ड फेरी. माझ्या मते हौशी पातळीवर लीगलाच स्वतःचं ठरवू द्यायला हवं होतं, पण तारतम्याच्या नावाखाली धावा मोजून नव्हे. सगळ्यांना एकच निवृत्तीची मर्यादा लावा, तीस धावा झाल्या की सगळ्याच परत, मग काउंटीवाली असो की आणखी कुणी. हे मी सभेत मांडलं. अध्यक्षांनी नोंद घेतली आणि सांगितलं की लीगच्या हातात ते आता नाही.

बुधवारच्या फेरीला आतापर्यंत चार क्लब आलेत. पंधरा वर्षांची मुलगी आता सोळाची झालीय आणि काउंटीच्या निवड चाचणीला जाऊन आली. कीपरने बुधवारी खेळायला नकार दिला, पण अंपायरिंग करीन म्हणाली; अंपायरिंगच्या नियमांत ती कुठेच अडत नाही. कोर्सची फी क्लबने भरावी असा अर्ज तिने रीतसर माझ्याकडे दिलाय. मी तो पुढच्या बैठकीत ठेवणार आहे. ट्रेझरर आत्तापासूनच म्हणतायत की आधी रोलर दुरुस्त करू.